फुफूंची सफ

फुफू, तुम्ही गेल्यापासून घरातले आकडे बरोबर येऊ लागले आहेत. दारात चार माणसं आली तर स्वयंपाकघरात चारच पोचतात. तुम्ही होतात तेव्हा चारांची "धा-पंधरा मंडळी" व्हायची, तुमची भाचेसून नसीम घाईनं पिठाचा डबा उघडायची आणि उरलेल्या चपात्या पुढं दोन दिवस मी डब्यात न्यायचो. परवा कोणीतरी तुमचं वय विचारलं. मी खरं सांगितलं, तर समोरचा म्हणाला, "पण त्या तर कधीपासून नव्वदीच्या होत्या." होत्या खऱ्या. सत्तरी ओलांडली तेव्हाच तुम्ही नव्वदीत जाऊन बसला होता, लोक उठून जागा देतात म्हणून.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, फरक नोंदवायचा. मध्ये अंदाजाला जागा नाही. आणि तुमचं सगळं आयुष्य अंदाजावर. मीठ अंदाजानं, औषध अंदाजानं, कुर्डुवाडीच्या एसटीची वेळही अंदाजानं, आणि वैताग असा की ती एसटी तुम्हाला मिळायची. अब्बांची थोरली बहीण म्हणून मी तुम्हाला उलट बोलू शकत नव्हतो. आकडा दुरुस्त करू शकत होतो, तेवढा करायचो. माझ्या आयुष्यातली बंडखोरी तेवढीच.

आपण घरात दखनी बोलायचो आणि भांडायचो मराठीत. ही सवय तुम्ही लावलीत. तुमचं म्हणणं, खांद्यावर बसून आपली पापपुण्यं लिहिणारे फरिश्ते अरबी-उर्दूवाले, मराठीत भांडलं तर त्यांना निम्मंच कळतं. मी म्हणायचो, फरिश्त्यांना सगळ्या भाषा येतात. तुम्ही म्हणायचात, "परंड्याची येत नसंल." म्हणून हेही मराठीतच लिहितो आहे, कारण यातही थोडं भांडण आहे.

फुफाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तुम्ही माहेरी आलात आणि आमच्या ओसरीवर मोहल्ल्याची पोरं जमा केलीत. दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, लाकडी रेहलीवर कुराण उघडायचं आणि तुमच्या समोर बसून वाचायचं. हातात छडी असायची, पण ती मारायला नव्हती. अक्षर चुकलं की तिचं टोक त्या अक्षरावर यायचं आणि हलायचं नाही. दोन पिढ्यांनी त्या टोकाखाली अलिफ-बे गिरवलं. मशिदीची आजची कमिटी जवळजवळ सगळी तुमच्या ओसरीवरची. आमचे सदर, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, गफूरभाई आज हाजी आहेत, दाढी पांढरी झाली आहे, पंचायत समितीत लोक त्यांना खुर्ची देतात. पण 'ऐन' हे अक्षर घशातून नीट निघेपर्यंत तुम्ही त्यांना उभं ठेवलं होतं, हे त्यांच्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ओसरीवर बसलेल्या दिसलात की ते उन्हाची बाजू पत्करून गल्लीच्या पलीकडून जायचे.

आणि ज्या मशिदीत ही सगळी पोरं तुम्ही शिकवलेलं वाचायची, तिच्या पायरीच्या आत तुम्ही कधी गेला नव्हता. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. तुम्हालाही वाटलं नसावं. मक्केला, उमऱ्याला जाऊन येईपर्यंत.

उमऱ्याहून तुम्ही खजूर आणलात, जमजमचं पाणी आणलंत आणि एक प्रश्न आणलात. खजूर वाटून संपले. प्रश्न संपला नाही. "रशीद, काब्याला फेरे घालताना माझ्या पुढं एक तुर्कस्तानचा बाप्या होता, एवढा मोठा, कपाटासारखा. मागं माझ्यासारख्याच लाखभर बाया. कोणी म्हणलं न्हाय, ओ बाई, तुम्ही घरी जा. अल्लाहच्या घरात मला वाट आहे. मग गफूरच्या मशिदीत का न्हाय?"

मी म्हणालो, "मशीद गफूरभाईंची नाही, फुफू."

"तेच तर मी म्हणते."

शेजारच्या सुमनताई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आत्या, तुमच्यात बायांना मशिदीत जाऊ देत न्हाईत व्हय?"

"जाऊ देतात की. आमचा दीन-धरम देतो. गफूर देत न्हाय."

"असं."

"तुमच्या देवळात गाभाऱ्यात तू कधी गेलीस?"

सुमनताईंनी विचार केला. "न्हाई."

"मग तुमच्याकडला गफूर कोण?"

सुमनताईंनी नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. त्यानंतर दोघी बराच वेळ हसत होतात आणि भाजी तशीच राहिली.

कमिटीपुढं हा विषय मांडायचा तर कमिटी बसते मशिदीत, आणि तुम्ही तिथं येऊ शकत नाही. तुम्ही निरोप धाडलात: मी येऊ शकत न्हाय, तर तुम्ही या. कमिटी आली. मी जॉइंट सेक्रेटरी, माझ्याच घरी मिटिंग. चटई टाकली होती, खुर्च्याही होत्या, पण सगळेजण आपोआप मांडी घालून आपापल्या जुन्या जागांवर बसले. गफूरभाई खांबाजवळ. तिथंच ते लहानपणी बसायचे. नवे मौलाना बिहारचे, वयानं पोरसवदा, त्यांना हा इतिहास माहीत नव्हता. तेवढे एक खुर्चीवर बसले, मग सगळे खाली पाहून तेही उतरले.

गफूरभाईंनी मौलानांना विचारलं, "मौलाना, औरतों का मस्जिद में नमाज पढना, ये चलता है क्या?"

मौलाना प्रामाणिक माणूस. म्हणाले, "चलता तो है, हाजीसाब. चलाते नहीं हैं."

 मग गफूरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. धर्मात अडचण सापडली नाही की माणूस जागेत शोधतो. आणि जागेचा हिशोब माझ्याकडं होता. मी उभा राहून सांगितला. हॉल कमानीपासून दारापर्यंत छत्तीस फूट. नमाजात माणूस उभा राहतो, वाकतो, सजद्याला कपाळ टेकतो, त्याला मागं-पुढं चार फूट लागतात. म्हणजे नऊ सफा. सफ म्हणजे रांग. एका सफेत अठरा माणसं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नऊच्या नऊ भरतात आणि लोक वऱ्हांड्यात उभे राहतात. सबब, जागा नाही. मला तो हिशोब अगदी निर्दोष वाटला होता, आजही आकडे म्हणून त्यात चूक नाही.

"जुम्म्याचा झाला," तुम्ही म्हणालात. "आता मंगळवारचा सांग."

"मंगळवारी दुपारी दोन सफा. त्याही पुऱ्या नाहीत."

"म्हणजे सात रिकाम्या."

"हो, पण जुम्म्याला..."

"मी जुम्म्याचं विचारलं का? मंगळवारी त्या सात सफांवर कोण असतं?"

"कोणी नाही."

तुम्ही खांबाकडं वळलात. "गफूर, कोणी न्हाय त्याला जागा आहे. मला न्हाय."

गफूरभाईंनी घसा साफ केला. 'ऐन' म्हणायचं असल्यासारखा. मग म्हणाले, "उस्तानीबी, एकट्या तुमच्यासाठी..."

"एकटी? माझ्यामागं तीनशे बाया उभ्या आहेत."

मी खाली पाहिलं. मोहल्ल्यात घरंच एकशे चाळीस. पण मी बोललो नाही. तुम्ही नंतर म्हणालात, तू गप्प बसलास ते बरं केलंस. मी म्हणालो, मी गप्प बसलो नाही, मी भागाकार करत होतो.

कमिटीनं मधला मार्ग काढला. कमिटीचा मधला मार्ग बहुतेक वेळा कोठीघराकडंच जातो. हॉलच्या मागं, भिंतीपलीकडं एक खोली होती. त्यात फाटक्या चटया, बंद पडलेले पंखे आणि नियाजच्या जेवणाच्या तांब्याच्या मोठमोठ्या देगा. पंखे काढले, चटया काढल्या. देगा काढता येईनात, कारण त्या आत ठेवून मग दार लहान केलेलं होतं. तसं का केलं हे कोणालाच सांगता येईना. मग ठरलं की बायकांनी देगांच्या मधून उभं राहायचं. मी मोजून सांगितलं, अकरा बाया मावतील. भिंतीवर एक स्पीकर बसवला, म्हणजे इमामांचा आवाज पोचेल.

पहिल्या दिवशी तुमच्या तीनशेपैकी नऊजणी आल्या. नसीम त्यात होती. घरी येऊन म्हणाली, "सजद्याला गेलं की डोकं देगेला लागतं आणि टण्ण होतं." पुढच्या बैठकीत गफूरभाईंनी तक्रार मांडली की मशिदीत घंटा वाजल्यासारखं ऐकू येतं, लोक काय म्हणतील. तुम्ही निरोप पाठवलात: देगा भरून ठेवा, वाजणार नाहीत.

मग तो जुम्मा आला. त्याबद्दल गावात वीस प्रकारे सांगतात. मी तिथं होतो, म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

नमाजात इमाम "अल्लाहु अकबर" म्हणतो, ती तकबीर. ती ऐकून मागचे सगळे वाकतात, सजद्याला जातात, उठतात. इमाम दिसत नसेल तर कान हाच आधार. त्या जुम्म्याला शेवटच्या रकातीत, म्हणजे नमाजाच्या शेवटच्या फेरीत, सगळे सजद्याला गेले आणि लाइट गेली. हॉलमध्ये आम्हाला मौलानांचा आवाज तसाही येत होता. आम्ही उठलो, सलाम फेरला, नमाज झाली. भिंतीपलीकडं अकराजणी सजद्यात होत्या, त्यांना उठण्याची तकबीर आलीच नाही. त्या सजद्यातच राहिल्या.

आम्ही पुढची सुन्नत, म्हणजे ज्यानं त्यानं आपली आपण पढायची नमाज, पढलो. लोक चपला घालून निघाले. मौलाना चहाला बसले. मी नसीमला हाक मारायला मागं गेलो तर दारातून दिसलं की देगांच्या मधून अकरा पाठी वाकलेल्या आहेत. मी थबकलो. मी आत जाऊ शकत नव्हतो. बाहेरून तकबीर द्यावी तर मी नमाजात नव्हतो, ती चालेल का ते माहीत नव्हतं. मी परत मौलानांकडं गेलो. मौलानांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मसला देखना पडेगा." ते किताब काढायला उठले. गफूरभाई म्हणाले, "किताब राहू द्या, आधी बायांना उठवा." मी म्हणालो, "कसं?" आम्ही तिघं त्या दारापर्यंत आलो आणि तिघंही बाहेर उभे राहिलो, कारण आत बाया होत्या. तेवढ्यात लाइट आली. स्पीकरनं मोठ्यानं "खर्रर्र" केलं. अकराजणी उठल्या.

तुम्ही नमाज पुरी केलीत, गुडघ्यावर हात ठेवून उठलात, दारात आलात. गफूरभाई म्हणाले, "उस्तानीबी, चपलांचा आवाज आला नाही का? लोक गेले सगळे."

"आला की. पण चपलांची तकबीर चालत न्हाय."

मौलाना हळूच म्हणाले की अशा वेळी आपलं आपण उठून नमाज पुरी केली तरी चालते. तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक आहे, बेटा. मीच शिकवते ते पोरींना."

"मग उठला का नाहीत?" मी विचारलं.

"गफूर कधी येतो ते बघत होते."

घरी येताना तुम्ही लंगडत होतात आणि फार खूश होतात. नसीमला विचारलं तर ती म्हणाली, "मला तर डुलकी लागली होती." पुढं तुम्ही हा किस्सा सांगताना अकरांच्या चाळीस झाल्या आणि सजदा तासाभराचा झाला. मी दरवेळी दुरुस्त केलं. पण एक गोष्ट तुम्ही वाढवून सांगितली नव्हती. त्या भिंतीमुळं बायांची नमाज इमामाशी जोडलेलीच राहत नव्हती. हा जागेचा प्रश्न नव्हता आणि तुमच्या हट्टाचाही नव्हता. मलाही ते त्या दारातच कळलं.

मी सुचवलं होतं की दारात एक खड्या आवाजाचा माणूस उभा करू, तो तकबीर पुन्हा म्हणेल. तुम्ही म्हणालात, "मला माणूस नको. मला इमाम दिसला पाहिजे. पैगंबरसाहेबांच्या मशिदीत बाया मागच्या सफेत उभ्या राहायच्या, मध्ये भिंत नव्हती. तुझ्या छत्तीस फुटांत भिंत कुठून आली?" मी सांगितलं, भिंत तीनशे बहात्तर विटांची आहे. तुम्ही म्हणालात, "बघ, विटा मोजल्यास. आता काढ."

भिंत निघाली नाही. पण हॉलच्या मागच्या दोन सफांवर जुम्मा सोडून बाकी दिवस बाया उभ्या राहू लागल्या. पुढं एक पडदा, कमरेएवढा, म्हणजे उभं राहिलं की इमाम दिसतो. गफूरभाईंनी ठरावात "तात्पुरती सोय" असं लिहायला लावलं. ती तात्पुरती सोय अजून चालू आहे. आमची शाहीन धाराशिवला कॉलेजात आहे, सुट्टीला आली की ओढणी सारखी करून सरळ जाऊन तिथं उभी राहते आणि परत येऊन मोबाइल बघते. मी एकदा तिला सांगितलं की या सफेसाठी किती काय झालं. ती म्हणाली, "अब्बा, मग आधी बाया कुठं पढायच्या?" मी म्हणालो, देगांमध्ये. तिला वाटलं मी चेष्टा करतो आहे.

तुमच्यामुळं घरात काय काय बदललं त्याचाही हिशोब द्यायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल फक्त मशिदीचं लिहिलं. एकदा मी जेवणाचा डबा मोरीत ठेवून उठलो. तुम्ही म्हणालात, "पैगंबरसाहेब आपली चप्पल आपण शिवायचे, घरातली कामं करायचे. सुन्नत आहे, त्यांनी घालून दिलेली रीत. तू दाढी ठेवलीस, ती सोपी सुन्नत. डबा धू." मी धुतला. दुसऱ्या दिवशी नसीमनं डबा धुवायला घेतला तर तुम्ही तिला अडवलंत, "त्याचा सवाब, त्याचं पुण्य तू का घेतेस?" तेव्हापासून मी धुतो. कारखान्यात लोकांनी विचारलं तर मी सुन्नत म्हणून सांगतो. एकजण म्हणाला, आमच्यात अशी सोय नाही. मी म्हणालो, बघा, असेल कुठंतरी, आत्याला विचारा.

एक भांडण तसंच राहिलं आहे. तुम्हाला कमिटीत बाई हवी होती. "सफेत उभी राहिले, आता पंख्याचं बटन कुठं लावायचं ते तरी मला विचारा." मी म्हणायचो, हळूहळू. तुम्ही विचारायचात, "हळूहळू म्हणजे किती? तू आकड्याचा माणूस ना, आकडा सांग." मला सांगता आला नाही. आजही येत नाही. पंख्याचं बटन अजून पुरुषांच्या बाजूला आहे आणि नोव्हेंबरातही मागच्या सफेवर पंखा गरागरा फिरतो.

आणि दुसरं भांडण बार्शीच्या दवाखान्यातलं. नाकाला नळी होती, बोलू नका असं सांगितलेलं होतं, म्हणून तुम्ही जास्तच बोलत होतात. तुम्ही म्हणालात, "रशीद, माझ्या जनाज्याच्या नमाजाला बाया पाहिजेत."

आपल्याकडं बाया चेहरा बघतात, रडतात आणि जनाजा दाराबाहेर पडला की घरात राहतात. नमाज पुरुष पढतात. मी म्हणालो, "बघू."

"बघू म्हणजे न्हाय."

"फुफू, लोक तुमच्या मय्यतीवर भांडतील."

"भांडू दे. मी थोडीच उठून येणार."

"आणि गफूरभाई?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "ज्या पोरींना नमाज मी शिकवली, त्यांना माझी नमाज पढता येणार न्हाय. आणि गफूर पढणार. त्याचा ऐन अजून कच्चा आहे."

मी हो म्हणालो नाही, फुफू. हे मी तुम्हाला फसवून लिहिणार नाही. मी सलाइनचे थेंब मोजत बसलो. तुम्ही विषय बदललात, दवाखान्यातल्या जेवणाबद्दल बोललात. त्यानंतर तो विषय निघाला नाही आणि मग तुम्हीच राहिला नाहीत.

त्या दिवशी सकाळी तुमची शेवटची अंघोळ, गुसल, झाल्यावर नसीम माझ्याकडं आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. म्हणाली, "आम्ही येणार आहोत. तुम्ही हो म्हणा नाहीतर म्हणू नका." मी विचारलं, किती जणी? ती म्हणाली, "आत्ता ते विचारू नका."

जोहरच्या, दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या आवारात जनाजा ठेवला. तुम्ही असता तर हजारभर म्हणाला असता, माणसं दोनशेच्या आतबाहेर होती. सफा लागल्या. मी मागं राहिलो होतो, येणाऱ्यांना जागा दाखवत. तेवढ्यात बाया आल्या. गल्लीकडच्या कमानीतून, बुरख्यात, काहीजणी नुसत्या चादरीत, आणि पुरुषांच्या शेवटच्या सफेमागं जागा सोडून, कंपाउंडच्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या.  शाहीन टोकाला होती. सुमनताई कमानीबाहेर उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, कुठं उभं राहावं ते न कळून.

पुढून कुजबुज सुरू झाली. गफूरभाई पहिल्या सफेत होते. त्यांनी मान वळवली, बायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचं तोंड उघडलं. त्याच क्षणी मौलाना मागं वळले आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "सफें ताक हैं?"

हे सुमनताईंसारख्यांसाठी सांगतो. जनाज्याच्या नमाजाला आपल्याकडं सफा ताक, म्हणजे विषम करतात. तीन, पाच, सात. सम झाल्या तर एक मोडतात किंवा एक वाढवतात. दरवेळी कोणीतरी मागून मोजून सांगतो, आणि आमच्या मोहल्ल्यात तो कोणीतरी मी असतो.

मी मोजल्या. पुरुषांच्या सहा.

सहा म्हणालो असतो तर पुढं काय होणार ते मला दिसत होतं. पाच करायच्या तर माणसं मावत नव्हती. सात करायच्या तर सातवीला जागा एकच होती, कंपाउंडच्या भिंतीपुढची, आणि तिथं बाया होत्या. कोणालाही "तुम्ही घरी जा" असं म्हणावंही लागलं नसतं. जागा नाही, एवढं पुरे झालं असतं. हे वाक्य मीच एकदा ओसरीवर उभं राहून बोललो होतो आणि ते किती सोयीचं आहे ते मला ठाऊक होतं.

"पीछे कितनी हैं, रशीदभाई?" मौलानांनी पुन्हा विचारलं.

"सात," मी म्हणालो.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोन-चार माना वळल्या. गफूरभाईंनी बोटानं हवेत मोजलं. सहाला त्यांचं बोट थांबलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मी काट्यावर उभा राहतो तसा उभा राहिलो. तिथं गाडीवाला कितीही ओरडला तरी आकडा बदलत नाही. गफूरभाईंचं बोट हललं, पुरुषांच्या शेवटच्या सफेवरून पुढं सरकलं, बायांवर गेलं आणि खाली आलं. त्यांनी मौलानांकडं तोंड केलं आणि म्हणाले, "ताक आहेत. शुरू करा."

मौलानांनी हात उचलले. मागून चादरी सावरल्याचा आवाज आला आणि थांबला.

तुम्ही म्हणाल, तू हिशोब बरोबर यावा म्हणून सात म्हणालास, आमच्यासाठी न्हाय. यावर मी वाद घालणार नाही. दोन्ही कारणं तोलून पाहिली, जवळजवळ सारखी भरली. चौदा बाया होत्या, फुफू. शंभर नव्हत्या.

कब्रस्तानात बाया आल्या नाहीत, ते भांडण अजून सुरूच झालेलं नाही. मूठमाती देऊन परतताना गफूरभाई माझ्या शेजारून चालत होते.  आवाज बसलेला होता, डोळे लाल होते. नळावर हात धुताना म्हणाले, "रशीद, त्या भिंतीजवळ लई ऊन असतं रे. पुढच्या वेळी बायांच्या सफेवर मंडप टाकून घे."

मी म्हणालो, टाकतो. लांबी-रुंदी मोजून ठेवतो. पुढची वेळ कोणाची, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.